हब लॉक असला की गुरगुर: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलचं प्रकरण

गाडी मारुती जिप्सी किंग, २००३ सालची, १.३ लिटरचं एमपीएफआय पेट्रोल इंजिन. मालक वाळपईच्या पुढच्या एका गावातले कुळागरवाले, म्हणजे सुपारी-नारळाची बाग असलेले. घरापासून कुळागरापर्यंतची वाट कच्ची आणि मधे एक व्हाळ (ओढा). पावसाळ्यात त्याला गुडघ्याच्या वर पाणी असतं. गाडी सुपारी, नारळ, खत आणि काजूच्या दिवसांत बोंडं वाहते. शोभेची जिप्सी नव्हे, रोज राबणारी.

तक्रार अशी: पुढून, बहुतेक डाव्या चाकातून, गुरगुर येते. वेग वाढला की वाढते. कधीकधी तिच्यावर बारीक चिक-चिकही ऐकू येते. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे गाडी गॅरेजमध्ये आणली की आवाज गायब. "हांगा हाडली की ओगी रावता," असं काकांनी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितलं. आवाजात माझ्यावरचा अविश्वास स्पष्ट होता, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजने पुढच्या दोन्ही चाकांची बेरिंगं बदलली होती. आवाज तसाच राहिला. मग डावा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरकी पोचवणारा सांधा, बदलला. तरी आवाज तसाच. पैसे गेले ते वेगळेच.

आवाज स्वतः ऐकला नसताना सुटे भाग बदलणं मला पटत नाही. पण ही गाडी तिथेही गप्पच बसत असणार, तेव्हा त्या माणसाने गिऱ्हाइकाच्या वर्णनावरून अंदाज बांधला. वर्णन काय होतं? "डावीकडून येतो, वळताना जास्त येतो." एवढं ऐकल्यावर दहातले नऊ मेकॅनिक आधी चाकाचं बेरिंग आणि मग सीव्ही जॉइंट हीच नावं घेतील.

या गाडीच्या पुढच्या ॲक्सलची रचना आधी नीट डोळ्यांसमोर आणायला हवी, कारण उत्तर तिच्यातच आहे. जिप्सी भारतात १९८५ साली आली, १.३ लिटरची किंग १९९६ साली. दोन्हींचा सांगाडा तोच: पुढे-मागे अखंड ॲक्सल, स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकलेले. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. पुढचा शाफ्ट डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना फिरकी वाटून देणारा गिअरांचा गोळा) पिनियनला, म्हणजे शाफ्टकडच्या गिअरला फिरवतो, पिनियन क्राउनला, म्हणजे मोठ्या दातेरी चकतीला, क्राउनमधून दोन्ही बाजूंच्या ॲक्सल शाफ्टना फिरकी मिळते. शाफ्टच्या टोकाला नकलच्या (चाक वळवणारा सांधा) गोळ्यात सीव्ही जॉइंट, त्याचं बाहेरचं टोक पोकळ स्पिंडलमधून हबपर्यंत, म्हणजे चाक ज्याला बसतं त्या भागापर्यंत. आणि हबच्या तोंडाशी ती हाताने फिरवायची चकती: लॉक (चाक शाफ्टला जोडलेलं) किंवा फ्री (सुटं).

बहुतेक मालकांना गिअरजवळचा दांडा तेवढा कळतो. दांडा टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) आहे म्हणजे पुढचा ॲक्सल झोपलेला, अशी पक्की समजूत असते. ती खरी नाही. टू-एचमध्ये इंजिनचा जोर पुढे जात नाही एवढंच. हब लॉक असतील तर रस्ता चाकांना फिरवतो, चाकं ॲक्सल शाफ्टना, शाफ्ट क्राउन-पिनियनला आणि पिनियन पुढच्या प्रोपेलर शाफ्टला. सगळं यंत्र उलट्या वाटेने फिरत राहतं. हब फ्री केले तरच ते थांबतं. मग फिरतं ते फक्त चाक, हब, डिस्क आणि चाकाची बेरिंगं.

काकांना विचारलं, "काका, हब कधी फ्री करता?"

ते म्हणाले, "गावात कोण उतरून फिरवत बसणार? लॉकच असतात. फोंड्याला किंवा पणजीला जायचं असलं की पुतण्या फ्री करून देतो. पेट्रोल कमी लागतं म्हणतो."

गूढ इथेच निम्मं सुटलं. गावात हब लॉक, म्हणून आवाज. उसगाववरून फोंड्याकडे येताना हब फ्री, म्हणून गाडी गप्प. गाडीला गॅरेजची भीती वाटत नव्हती. ती गॅरेजमध्ये नेहमी अर्धा ॲक्सल बंद ठेवून येत होती. त्यामुळे चाकांची बेरिंगंही एका वाक्यात बाद झाली: ती तर दोन्ही स्थितींत फिरतात. हब फ्री असताना आवाज नाही म्हणजे बेरिंग नाही, टायर नाही, डिस्कच्या पत्र्यात अडकलेला खडा नाही.

वळताना जास्त येतो, हे राहिलं होतं. त्याबद्दल विचारलं तेव्हा कळलं की व्हाळातून वर आल्यावर डांबरी रस्ता लागतो, तिथून घराकडे आखूड वळण आहे आणि दांडा तोवर फोर-एचमध्येच (चारही चाकांना जोर) असतो. जिप्सीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण फोर-एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाला बांधलेले. कच्च्या वाटेवर टायर थोडे घसरून तो फरक जिरवतात. कोरड्या डांबरावर घसरत नाहीत, मग यंत्र पीळ खातं आणि अधूनमधून धक्क्याने सोडतं. तो कट्-कट् आवाज आणि स्टिअरिंगची ओढ हे बिघाडाचं लक्षण नाही, फोर बाय फोर नको तिथे लावून ठेवल्याचं आहे. त्याच कट्-कट्ला सीव्ही जॉइंटची टिकटिक समजून जॉइंट बदलला गेला असावा.

जॉइंटची परीक्षा मोकळ्या मातीवर करतात. हब लॉक, फोर-एच, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण कापून हलक्या ॲक्सिलरेटरवर गोल फिरायचं, मग दुसऱ्या बाजूला. खराब जॉइंट फिरत्या चाकाच्या तालात ठळक टिकटिक करतो. (यासाठी किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवायला बंदी आहे आणि पोलीस कारवाई करतात. शिवाय खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते वेगळं सांगायला नको.) आम्ही चिऱ्याच्या मातीच्या एका मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना फिरवली. टिकटिक नाही. नवा जॉइंट आणि जुना जॉइंट, दोन्ही निर्दोष.

मग दोन्ही हब लॉक करून, दांडा टू-एचमध्ये ठेवून गाडी खांडेपारच्या बाजूच्या सपाट रस्त्यावर घातली. पंचवीसच्या पुढे आवाज आला. खालून येणारी खरखरीत, सलग गुरगुर, आणि तिच्यावर अधूनमधून ती चिक-चिक. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, गुरगुरीत फरक नाही. क्राउन-पिनियनच्या दातांचा आवाज जोर पडला की एक सूर धरतो आणि पाय काढला की दुसरा, कारण दाताची भिडणारी बाजू बदलते. इथे तसं होत नव्हतं. न्यूट्रलमध्ये टाकून गाडी सोडली तरी तोच आवाज. टू-एचमध्ये पुढच्या दातांवर तसाही जोर नसतो, म्हणून फोर-एचमध्येही एक फेरी मारून पाहिली, सरळ रस्त्यावर, थोडं अंतर. तेच. संशय दातांवरून बेरिंगांकडे सरकला.

पण कोणती बेरिंगं? पुढच्या ॲक्सलमध्ये हब लॉक झाल्यावर दोन वेगवेगळ्या गतींच्या गोष्टी फिरतात. चाकाच्या गतीने फिरणाऱ्या: ॲक्सल शाफ्ट, सीव्ही जॉइंट, स्पिंडलमधला बुश, डिफरन्शियलच्या डब्याची बाजूची बेरिंगं. आणि त्याहून जवळजवळ चौपट वेगाने फिरणाऱ्या: पिनियन, त्याची दोन बेरिंगं, प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे), ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड. ही चौपट पुस्तकात बघायची गरज नाही. चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करा, गाडी ढकला, चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे किती होतात ते मोजा. चाराला थोडे कमी भरतात.

मोजणी कामाची आहे. २०५/७० आर१५ टायरचा घेर सुमारे २.१ मीटर. ताशी ५ किलोमीटरच्या, म्हणजे माणसाच्या चालीच्या वेगाने चाक साधारण दीड सेकंदात एक फेरा घेतं, तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ चार घेतो. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडून, खिडकीतून कान बाहेर काढून मोजलं तर चिक-चिक चाकाच्या फेऱ्याला एक नव्हती. पटापट येत होती, शाफ्टच्या तालात. गुरगुर मात्र मोजता येण्यासारखी नव्हती, ती सलगच.

आता दोन्ही हब लॉकऐवजी एकच लॉक करायचा. ही युक्ती पुष्कळ जणांना माहीत नसते. डावा हब लॉक, उजवा फ्री, दांडा टू-एचमध्ये. चाललेलं डावं चाक डाव्या शाफ्टला फिरवतं. ती फिरकी डिफरन्शियलमध्ये येते, तिथे तिच्यासमोर दोन वाटा असतात: क्राउन-पिनियन, प्रोपेलर आणि ट्रान्सफर केसपर्यंतची जड माळ ओढायची, किंवा डब्यातल्या छोट्या गिअरांवरून उजव्या मोकळ्या शाफ्टला उलट्या दिशेने फिरवायचं. फिरकी हलकी वाट धरते. उजवा शाफ्ट उलटा फिरतो, पिनियन आणि प्रोपेलर जवळपास उभे राहतात. म्हणजे एका चकतीने आपण चाकाच्या गतीचं सगळं चालू ठेवलं आणि चौपट गतीचं सगळं बंद केलं.

हे खरंच होतंय का, ते आधी गाडी पुढून घोडीवर घेऊन बघितलं. प्रोपेलरच्या फ्लँजवर चुन्याची रेघ, डावं चाक हाताने फिरवलं, रेघ जागची हलली नाही. मग रस्त्यावर नेली. डावा लॉक: आवाज नाही. उजवा लॉक, डावा फ्री: आवाज नाही. दोन्ही लॉक: गुरगुर हजर. (हा प्रयोग सरळ रस्त्यावर, चाळीसच्या आत आणि थोडाच वेळ करायचा, कारण डिफरन्शियलमधले छोटे गिअर त्यात एरवीपेक्षा फार जोरात फिरतात. या स्थितीत फोर-एच लावून उपयोग नाही, पुढचा सगळा जोर मोकळ्या बाजूने निसटतो.)

जॉइंट, स्पिंडलचे बुश, शाफ्ट, सगळे संशयातून सुटले. डब्याची बाजूची बेरिंगंही जवळपास सुटली, कारण एकच हब लॉक असताना डबा फिरतच नाही आणि दोन्ही लॉक असताना फिरतो तो चाकाच्या संथ गतीने. उरली ती मधली जड माळ. अजून एकही नट काढला नव्हता.

पहिला नट काढला तो पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा. दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट. काढण्याआधी फ्लँज आणि शाफ्टवर रंगाची खूण करावी, म्हणजे परत त्याच जागी बसतो. शाफ्ट उतरवून, दोन्ही हब लॉक करून परत रस्त्यावर. चिक-चिक बंद. गुरगुर चालू.

म्हणजे आवाज दोन होते. प्रकरण इतकं लांबलं त्याचं हेही एक कारण. बाकावर शाफ्टचा पुढचा क्रॉस बोटांनी वाकवला तर एका दिशेला सहज जाई, दुसऱ्या दिशेला अडे. एक कप उघडला तर आत ग्रीसच्या जागी लाल भुकटी, सुया गंजून कपाला चिकटलेल्या. हा चिक-चिकेचा मालक. पण गुरगुरीचा मालक पिनियनपाशी बसला होता.

शाफ्ट बाजूला होता, म्हणून पिनियनची फ्लँज हाताने फिरवून पाहिली. बोटांना दाणे लागले. फेरा पूर्ण होईतो काही ठिकाणी अडखळे, मग सुटे. डोळे मिटून सावकाश फिरवा, कानापेक्षा बोटांना जास्त कळतं.

आता तेल. आधीच्या गॅरेजने "तेल फुल आहे" असं सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. भरायचा प्लग उघडताच तेल काठावरून आपणहून बाहेर आलं. डिफरन्शियलमध्ये तेल कमी होतं, वाढत नाही. पातळी वाढली म्हणजे बाहेरून काहीतरी आत आलंय. नुसती पातळी बघून प्लग परत लावला तर हा इशारा हुकतो. बोट बुडवून तेल बघायला हवं, वास घ्यायला हवा.

पाणी तेलापेक्षा जड, गाडी उभी राहिली की तळाशी बसतं. म्हणून गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी ड्रेन प्लगखाली काचेची बाटली धरून प्लग हलकेच सैल केला, पूर्ण काढला नाही. पहिल्यांदा गढूळ तांबूस पाण्याची धार आली, मग पाणी आणि तेल एकत्र, आणि नंतर दुधाच्या चहासारखं घट्ट तेल. ही कसोटी गाडी चालवून आल्या आल्या करू नये. तेव्हा पाणी तेलात घुसळलेलं असतं आणि वेगळं दिसत नाही.

पाणी आलं कुठून? नकलचे गोळे हा पहिला संशय, कारण त्यांच्या मागची वाटोळी सीलं झिजली की व्हाळाचं पाणी तिथून शिरतं. पण दोन्ही बाजूंचं ग्रीस साफ होतं, दुधाळ नाही, तेलाने पातळ झालेलंही नाही. पिनियनच्या सीलाभोवती तेल गळल्याची खूणही नव्हती. मग ब्रीदर. ॲक्सलच्या नळीवर छोटी टोपी असते, आतली तापलेली हवा बाहेर आणि थंड हवा आत येण्यासाठी. ती टोपी चिखलाने इतकी भरली होती की खिळ्याने टोकरून मगच छिद्र दिसलं. सत्तरीची लाल माती, वाळून विटेगत झालेली.

पुढचं गणित सोपं आहे. फोर-एचमध्ये चढ-उतार करून ॲक्सल गरम होतो, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असला तरी ती दाबाने सीलांच्या ओठांतून थोडीथोडी निसटते. मग तोच गरम ॲक्सल व्हाळाच्या थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि ओढ लागते. ब्रीदरमधून हवा येत नाही, मग सीलाच्या ओठाशी जे आहे ते आत खेचलं जातं. त्या क्षणी तिथे पाणीच असतं. एका वेळी चमचाभर शिरत असेल, पण वाळपई हे गोव्यातल्या सर्वात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. जून ते सप्टेंबर रोज जा-ये म्हटलं तर किती चमचे होतील?

आणि मग काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, विचारल्याशिवाय. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गाडी बरेच महिने खोपीत उभी होती. मला हवा असलेला दुवा तो हाच. फिरत्या ॲक्सलमध्ये दुधाळ तेल वाईटच, पण ते निदान बेरिंगवर पसरलेलं राहतं. उभ्या ॲक्सलमध्ये पाणी खाली बसतं, आणि पिनियनच्या बेरिंगचा खालचा भाग त्या पाण्यात उभा राहतो.

डिफरन्शियल बाहेर काढायचा तर आधी दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढून घ्यावे लागतात. म्हणजे चाकं, कॅलिपर, हब, स्पिंडल, सगळं उतरवणं आलं. अर्धा दिवस गेला. जिप्सीत क्राउन-पिनियनचा पूर्ण गोळा हाउसिंगच्या तोंडातून अखंड बाहेर येतो, ही सोय. बाकावर घेऊन पिनियन उतरवलं.

क्राउनचे दात चांगले होते, एका बाजूला गंजाची फिकट छटा, नखाला न लागणारी. पिनियनचं मोठं, आतलं बेरिंग मात्र सगळं सांगत होतं. बाहेरच्या कड्याच्या फक्त खालच्या भागात, समान अंतरावर, तपकिरी आडव्या रेघा. दोन रेघांमधलं अंतर दोन रोलरांच्या अंतराइतकं. गाडी उभी असताना जो रोलर जिथे टेकला होता, त्याच्या कडेला पाण्याने लोखंड खाल्लं. वरच्या भागात कडं आरशासारखं लखलखीत. नंतर गाडी चालू लागली, गंजाच्या कडा झिजून कपचे उडायला लागले, आणि तीन-चार रेघांच्या जागी नखाला अडकणारे खड्डे पडले. पुढच्या छोट्या बेरिंगलाही तशाच रेघा, पण खड्डे नाहीत. गावात सहा महिने ऐकू येणारा आवाज कड्याच्या त्या दोन बोटं रुंद तुकड्याचा होता. अखंड ॲक्सल आवाज लांबपर्यंत वाहून नेतो आणि डिफरन्शियल तर मधोमधही नसतो, एका अंगाला असतो. बसणाऱ्याचा कान चाकाकडे बोट दाखवतो यात नवल नाही.

दुरुस्तीत दोन्ही पिनियन बेरिंगं बदलली आणि डब्याची बाजूचीही. बाजूच्यांवर रेघा फिकट होत्या, चालली असती. पण ज्या कामाला अर्धा ॲक्सल उतरवावा लागतो, तिथे दोन बेरिंगांचे पैसे वाचवणं मला मान्य नाही. बेरिंग घेताना गाडीचं नाव सांगू नये, कड्यावर कोरलेला नंबर सांगावा. जिप्सी बंद झाल्यापासून नावाने मागितलं की दुकानदार मान हलवतात. नंबराने मागितलं की खोक्यातून निघतं.

पिनियन परत बसवताना घाई करणारा फसतो. आतल्या बेरिंगखालची शिम (पातळ चकती) तीच घालायची, पण आधी जुन्या-नव्या बेरिंगची उंची मोजून फरक असेल तर शिमेत भरून काढायचा. दोन बेरिंगांमधली चुरगळणारी नळी नवीनच हवी. नट हळूहळू आवळत नळी दाबली जाते आणि बेरिंगांवर ठरलेला ताण येतो. प्रत्येक वेळी फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने ओढून बघायचं की किती जोराला फिरतं. ताण जास्त झाला तर नट सैल करून चालत नाही. चुरगळलेली नळी परत उभी राहत नाही, ती टाकून दुसरी घ्यावी लागते. शेवटी क्राउनच्या दातांना शेंदूर तेलात कालवून लावला आणि पिनियन दोन्हीकडे फिरवून ठसा पाहिला. ठसा दाताच्या मध्यावर. त्याशिवाय हाउसिंग बंद करत नाही.

हाउसिंगच्या नळ्यांच्या आतला गंजाचा गाळ डिझेलने धुवून, काठीला फडकं बांधून पुसून काढला. हे काम कुणाला आवडत नाही. आमच्या पोरालाही नाही. पण तो गाळ राहिला तर नवीन बेरिंगांचा पहिला घास तोच. आतली दोन्ही ॲक्सल सीलं आणि पिनियनचं सील नवीन. शाफ्टला नवीन क्रॉस. ताजं ८०डब्ल्यू-९० हायपॉइड तेल, पुढच्या डिफरन्शियलला साधारण २ लिटर.

ब्रीदरची टोपी परत लावली नाही. तिच्या जागी नळीचा तुकडा बसवून पेट्रोलची रबरी पाइप बॉनेटखाली, इंजिनखोलीच्या मागच्या भिंतीच्या वरच्या काठापर्यंत नेली. टोकाला स्वस्तातला पेट्रोल फिल्टर, तोंड खाली. पाइपला भरपूर सैल ठेवावी लागते, कारण पाटे दबतात-उघडतात तसा ॲक्सल वरखाली जातो आणि ताणलेली पाइप पहिल्याच खड्ड्याला निघून येते. मागच्या ॲक्सललाही तसंच केलं. तिथलं तेल अजून साफ होतं.

काकांना दोन सवयी सांगितल्या. व्हाळ ओलांडून डांबर लागलं की दांडा टू-एचमध्ये. आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल किंवा हब सतत फ्री असतील, तर महिन्यातून एकदा ते लॉक करून काही किलोमीटर चालवायची, म्हणजे तेल वरच्या बेरिंगांपर्यंत उडतं आणि रोलर एकाच जागी बसून राहत नाहीत. हब फ्री करून पेट्रोल वाचवणाऱ्या पुतण्यालाही हे सांगा म्हटलं. पेट्रोल वाचतं, पण थोडंच.

काहीशे किलोमीटरनंतर काका गाडी घेऊन आले, या वेळी हब लॉक करूनच. ड्रेन प्लग थोडा उघडून बाटलीत तेल घेतलं: पारदर्शक, तळाशी पाणी नाही, प्लगच्या टोकाला नवीन बेरिंगं बसतानाची बारीक राखाडी पूड, एवढंच. रस्त्यावर गुरगुर नाही, चिक-चिक नाही. डाव्या पाट्याच्या शॅकलमध्ये (पाटा सांगाड्याला जोडणारी कडी) खड्ड्यावर एक बारीक ठक्क मात्र आहे. बुश गेलाय. आधीच्या गोंगाटात तो कुणाला ऐकूच आला नव्हता. काकांनी तो काजूचे पैसे हातात आल्यावर बदलायचं ठरवलं आहे.